एका इंजेक्शनाचा इतिहास



माझ्या आईच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, त्या वेळची गोष्ट. तिचे वय सत्तरीच्या पुढे. सारा जन्म फोंड्याजवळच्या खेड्यात गेला. पावसात भाताची रोवणी, उन्हाळ्यात काजूच्या झाडाखाली वाकून बिया वेचणे, रोज आदोळीवर बसून नारळ खवणणे आणि रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकणे, असा तिचा क्रम. तो चालता चालता सांध्यातील गुळगुळीत कूर्चा झिजून गेली आणि हाडावर हाड घासू लागले. शेवटी झिजलेला सांधा काढून त्या जागी धातूचा आणि प्लास्टिकचा सांधा बसवावा लागला.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. पण दुसऱ्या दिवशी परिचारिकेने सांगितले की प्रतिजैविकाचे इंजेक्शन आता बंद. चिरा देण्यापूर्वी एक आणि त्यानंतरच्या चोवीस तासांत दोन, एवढेच ते होते. भेटीला आलेल्या माझ्या मामांनी भुवया उंचावल्या. ते म्हणाले, "एवढी मोठी शस्त्रक्रिया, आत लोखंड बसवलेले, आणि औषध एकाच दिवसाचे? माझ्या दाढेला सूज आली तेव्हा मला पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या!" मावशीला वाटले, आपण सरकारी योजनेतून आलो म्हणून हात आखडता घेतला असावा. आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात तोच संशय येऊन गेला. मी शाळेत शिकवतो. गेली वीस वर्षे मी मुलांना सांगत आलो आहे की डॉक्टरांनी प्रतिजैविक दिले तर बरे वाटू लागले म्हणून मध्येच सोडू नये. मग हे मध्येच सोडणे कसे?

त्या प्रश्नाने मला इतिहासाकडे नेले. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रारंभ दुर्भिक्षापासून करावा लागतो. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनमध्ये बुरशीतले पेनिसिलिन दिसले, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु ते औषध म्हणून माणसाच्या उपयोगी पडण्यास आणखी बारा-तेरा वर्षे लागली, आणि ते काम ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन आणि त्यांचे सहकारी यांनी केले. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या एका पोलीस शिपायाला ते उपचार म्हणून प्रथम टोचण्यात आले. त्याच्या चेहऱ्यावर आणि डोक्यावर पू पसरला होता, एक डोळा गेला होता. गुलाबाच्या काट्याने ओरखडा आल्याची जी हृद्य कथा सांगतात, तिच्यावर आता फारसा कोणी विश्वास ठेवत नाही. औषध देताच त्याला उतार पडू लागला. पण औषध होते केवढे? त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिन गाळून पुन्हा त्यालाच टोचण्याची पाळी आली. काही दिवसांत तेही संपले, आणि मार्च महिन्यात तो शिपाई मरण पावला. जिंकत आलेली लढाई दारूगोळा संपल्यामुळे हरावी, तसे झाले.

'औषध मध्येच थांबवू नये' या उपदेशाच्या मुळाशी असे अनुभव आहेत. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना फ्लेमिंग यांनीही इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेत पेनिसिलिन घेतले तर जंतू मरण्याऐवजी त्याला सरावतील. हा इशारा अगदी खरा ठरला. लंडनच्या एका इस्पितळात मेरी बार्बर या विदुषीने पू करणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूंची मोजदाद ठेवली होती. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या जंतूंचे प्रमाण १९४६ ते १९४८ या अवघ्या दोन वर्षांत अर्ध्याच्या वर गेल्याचे तिला आढळले.

आपल्याकडे हे औषध तयार होऊ लागले ते पुण्याजवळ पिंपरीला. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, आणि १९५५ साली त्यातून पेनिसिलिन बाहेर पडू लागले. नेमके त्याच वर्षी पोर्तुगीज गोव्याची भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली. त्यामुळे पिंपरी आणि फोंडा यांच्यामध्ये केवळ घाट नव्हता, सरहद्दही होती. पणजीला १८४२ सालापासून वैद्यकशाळा होती. गोवा मुक्त झाल्यावर १९६३ साली तिचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले, आणि आज ते बांबोळीला आहे. झिजलेले सांधे तेथेही बदलले जातात. माझ्या आजीच्या पिढीला मात्र या झिजेवर तेल चोळणे, शेक घेणे आणि काठी धरणे एवढेच ठाऊक होते.

आता सांध्याकडे वळू. कृत्रिम सांधा बसवण्याची कल्पना नवी नाही. १८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लूक नावाच्या शल्यविशारदाने हस्तिदंताचा गुडघा बसवून पाहिला होता. कल्पना अचाट होती, हातही कुशल होता. पण ज्या सांध्यांत त्याने हे केले ते क्षयाने आधीच किडलेले होते. आत पू झाला आणि सारे वाया गेले. पुढची सत्तर वर्षे सांधा बदलण्याच्या वाटेत पू हाच मोठा अडसर होता.

हा अडसर इतका मोठा का, हे १९५७ साली एलेक आणि कोनेन या दोघा संशोधकांनी दाखवले. स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांच्या त्वचेत त्यांनी स्टॅफिलोकोकस जंतू टोचले. निरोगी त्वचेत पू होण्यास काही दशलक्ष जंतू लागत. पण तेथे रेशमाचा एक टाका घातला की काही शेकडा जंतूही पुरत! एका धाग्याने शरीराचा बचाव सुमारे दहा हजारपटीने दुबळा केला. मग पेलाभर धातू आणि प्लास्टिक आत बसवल्यावर काय होत असेल? त्या वस्तूला रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे रक्तातील रक्षक पेशी आणि औषध तिच्या अंगापर्यंत पुरेसे पोहोचत नाहीत. जंतू तिला चिकटतात, स्वतःभोवती बुळबुळीत थर विणतात, आणि त्या थराच्या आड महिनोन् महिने दडून राहतात. हे जंतू एकदा आत रुजले की नुसत्या गोळ्या-इंजेक्शनांनी भागत नाही. गुडघा पुन्हा उघडून धुवावा लागतो. पुष्कळदा नवा सांधा काढून टाकून औषध मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा काही आठवडे तेथे ठेवावा लागतो, आणि मग दुसरा सांधा बसवावा लागतो. सत्तरीच्या बाईने एकाच गुडघ्यासाठी तीनदा शस्त्राखाली जायचे! मामांची भीती अस्थानी नव्हती, हे मी कबूल करतो.

ही भीती सर्वांत अधिक कोणी ओळखली असेल, तर ती इंग्लंडातील जॉन चार्नली यांनी. मँचेस्टरच्या वायव्येस, रायटिंग्टन येथे क्षयरोग्यांसाठी बांधलेले एक इस्पितळ होते. तेथे बसून त्यांनी खुब्याचा कृत्रिम सांधा घडवला. प्रथम त्यांनी टेफ्लॉन वापरले. ते काही वर्षांतच झिजून गेले आणि शेकडो रोग्यांचे सांधे पुन्हा उघडावे लागले. हे टेफ्लॉन शरीरात कसे वागते हे पाहण्यासाठी या गृहस्थाने त्याचे कण स्वतःच्याच मांडीत टोचून घेतले. अशी माणसे विरळा. अखेर नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिथिलीनचा वाटीसारखा भाग, पोलादाचा गोळा आणि दोन्ही पक्के बसवणारे सिमेंट, असा सांधा त्यांनी बसवला. आजच्या सर्व सांध्यांचा तो पूर्वज होय. गुडघ्याचा सांधा या वाटेने आणखी काही वर्षांनी आला. न्यूयॉर्कच्या इन्सॉल यांचा १९७४ च्या सुमाराचा गुडघा आजच्या गुडघ्यांचा नमुना मानतात.

परंतु चार्नली यांना प्रारंभी शेकडा सात ते नऊ रोग्यांत पू आढळला. दुसरा कोणी असता तर त्याने पेनिसिलिनचे प्रमाण वाढवले असते. चार्नली यांनी हवेकडे पाहिले. शस्त्रक्रियागृहात माणसे हिंडतात, त्यांच्या त्वचेवरून सूक्ष्म कण झडतात, त्या कणांवर जंतू बसलेले असतात आणि ते उघड्या जखमेत पडतात. म्हणून त्यांनी शस्त्रक्रियागृहातच एक काचेची खोली उभारली, वरून गाळलेली स्वच्छ हवा खाली सोडली, आणि शल्यविशारदांना अंगभर झगे चढवून त्यांचा उच्छ्वास नळीने बाहेर काढला. दहा वर्षांत, प्रतिजैविकांचा आधार न घेता, पू होण्याचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले. ही गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगतो. नळावर हात न धुता गोळीवर भरवसा ठेवणारा समाज आपण आहोत, आणि त्या समाजात मीही आलोच.

मग प्रतिजैविकाचे काम काय? त्याचे उत्तर १९६१ साली मिळाले. गोवा मुक्त झाला तेच ते वर्ष. बोस्टनमध्ये जॉन बर्क नावाच्या शल्यविशारदाने गिनीपिगांच्या त्वचेत जंतू टोचले आणि पेनिसिलिन वेगवेगळ्या वेळी दिले. काहींना आधी, काहींना त्याच वेळी, काहींना तासाने, दोन तासांनी, तीन तासांनी. जंतू शिरण्याच्या वेळी औषध ऊतींमध्ये हजर असेल तर पू जवळजवळ होतच नव्हता. जसजसा उशीर होई तसतसा गुण उतरे, आणि तीन तासांनंतर दिलेले औषध न दिल्यासारखेच ठरे. म्हणजे औषधाच्या ताकदीइतकाच, किंबहुना तिच्याहूनही अधिक, वेळेला अर्थ होता. चोर घरात शिरून कडी लावून बसल्यावर पहारेकरी बाहेर कितीही दिवस उभा केला, तरी काय उपयोग?

माणसांत हे पडताळायला आणखी तीस वर्षे गेली. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे क्लासेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,८४७ रोग्यांची नोंद तपासून १९९२ साली ती प्रसिद्ध केली. चिरा देण्यापूर्वीच्या दोन तासांत ज्यांना औषध मिळाले, त्यांच्यात जखम चिघळण्याचे प्रमाण शेकडा ०.६ होते. चिऱ्यानंतर तीन तास उलटून गेल्यावर ज्यांना ते मिळाले, त्यांच्यात ३.३. आणि ज्यांना फार लवकर, दोन तासांहूनही आधी दिले, त्यांच्यात ३.८! उशिराइतकीच उतावीळही व्यर्थ, कारण चिरा देण्याची वेळ येईपर्यंत औषध रक्तातून ओसरू लागते. गुडघ्याच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. रक्त थांबवण्यासाठी मांडीला पट्टा आवळतात. तो आवळल्यावर औषध टोचले तर ते गुडघ्यापर्यंत पोहोचणारच कसे? म्हणून ते पट्ट्याच्या आधी द्यायचे. आईला शस्त्रक्रियागृहात नेण्यापूर्वी परिचारिका घड्याळ पाहत उभी होती, ते कशासाठी, हे मला फार मागाहून कळले.

चार्नली यांची स्वच्छ हवा श्रेष्ठ की औषध, असा वाद पुढे बरीच वर्षे चालला. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने आठ हजारांहून अधिक खुबे आणि गुडघे बदललेल्या रोग्यांचा पाठपुरावा करून १९८२ साली निष्कर्ष मांडला. साध्या हवेत सांध्याच्या आत पू होण्याचे प्रमाण शेकडा १.५, अतिस्वच्छ हवेत ०.६. औषध कोणाला द्यायचे हे त्या प्रयोगात चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, तरी ज्यांना ते मिळाले त्यांच्यात पू फारच कमी झाल्याचे स्पष्ट दिसले. दोन्ही हवीत, असा त्याचा अर्थ. तिकडे हॅम्बुर्गमध्ये बुखहोल्त्स यांनी १९७० च्या सुमारास सांधा बसवण्याच्या सिमेंटमध्येच जेंटामायसिन मिसळले. सिमेंट घट्ट होताना बरेच तापते, पण हे औषध त्या उष्णतेत टिकते आणि मग सांध्याभोवती हळूहळू झिरपत राहते.

आईला जे इंजेक्शन दिले ते सेफॅझोलिन, आणि सांध्याच्या शस्त्रक्रियेत आज जगभर बहुधा तेच देतात. त्याच्या कुळाची कथा सांगण्याचा मोह आवरत नाही. १९४५ साली इटलीच्या सार्डिनिया बेटावरील काल्यारी शहरात जुझेप्पे ब्रोत्सू नावाचे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. शहराची गटारे जेथे समुद्राला मिळत, तेथल्या पाण्यातून त्यांनी एक बुरशी वेगळी काढली. ती विषमज्वराचे जंतू मारते असे त्यांना दिसले. त्यांनी ते एका लहानशा स्थानिक पत्रिकेत छापले आणि बुरशीचा नमुना ऑक्सफर्डला पाठवला. तेथे अब्राहम आणि न्यूटन यांनी तिच्यातून सेफॅलोस्पोरिन वेगळे केले, आणि पुढे त्या कुळात कितीतरी औषधे जन्मली. गटाराच्या तोंडाशी सापडलेली ही वस्तू आज जगातील अत्यंत स्वच्छ खोल्यांत पहिल्या प्रथम वापरली जाते. मौज आहे खरी.

आता मामांच्या प्रश्नाकडे. रोगावर उपचार करणे आणि रोग होऊ न देणे ही दोन वेगळी कामे, आणि दोहोंना एकच नियम लागू नाही. दाढेला सूज आली तेव्हा जंतू आत होते, ते संपेपर्यंत डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस औषध घेणे आवश्यक होते. आईच्या गुडघ्यात जंतू नव्हते. झीज हा जंतूंचा रोग नव्हे, प्रतिजैविकाने ती बरी होत नाही आणि थांबतही नाही. तिला औषध दिले ते जखम उघडी असतानाच्या त्या दीड-दोन तासांच्या रखवालीसाठी. जखम शिवली, रखवालीची वेळ संपली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली याविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात शस्त्रक्रिया संपल्यानंतर हे औषध लांबवू नये असेच सांगितले आहे. आत परकी वस्तू बसवलेली असल्यामुळे पुष्कळ शल्यविशारद चोवीस तासांपर्यंत ते चालू ठेवतात. त्यापलीकडे दिवस वाढवून पू कमी होतो असा पुरावा मिळालेला नाही.

आणि दिवस वाढवण्याची किंमत मात्र मोजावी लागते. मेथिसिलिन हे नवे औषध १९६० च्या सुमारास वापरात आले, आणि १९६१ सालीच त्याला न जुमानणारे जंतू इंग्लंडात सापडले. प्रतिजैविक पोटात गेले की ते त्या एका जंतूपुरते थांबत नाही. त्वचेवरचे, आतड्यातले साधे जंतू मरतात आणि मागे उरतात ते औषधाला सरावलेले. उद्या त्याच रोग्याच्या सांध्यात पू झालाच, तर तो या उरलेल्यांचा असण्याचा संभव. आपल्या देशाला तर हे फार लागू आहे. २००९ साली शास्त्रज्ञांनी जंतूंना अत्यंत बलवान औषधांविरुद्ध कवच देणाऱ्या एका द्रव्याचे वर्णन केले. ज्या रोग्यात ते आढळले त्याच्यावर दिल्लीत उपचार झाले होते, म्हणून त्या द्रव्याला नवी दिल्लीचे नाव दिले गेले. राजधानीचे नाव असे गोवल्याबद्दल पुढल्या वर्षी मोठा गदारोळ झाला. राग नावाचा आला. वास्तविक तो फार्मसीच्या फळीवरून चिठ्ठीवाचून विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांचा यायला हवा होता. अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवण्याचे बंधन २०१४ साली आले, आणि पट्टीवरच्या तांबड्या रेघेचा अर्थ लोकांना समजावण्याची मोहीम २०१६ साली निघाली. ती रेघ आपल्यापैकी किती जण पाहतात?

मी मामांना हे सारे सांगितले. बर्क यांच्या गिनीपिगांची गोष्ट त्यांना पटली, पहारेकऱ्याची उपमा तर फारच आवडली. पण मावशी म्हणाल्या, "ते सगळे खरे रे बाबा, पण चार गोळ्या जास्त दिल्या असत्या तर मनाला बरे वाटले असते." याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. रोग्याच्या नातलगांची ही मागणी डॉक्टरांवर केवढे ओझे टाकत असेल, हे मला त्या वाक्याने जितके कळले तितके पुस्तकांनी कळले नव्हते.

पाचव्या दिवशी आईला घरी सोडले. हातातील कागदावर वेदनाशामक गोळ्या, रक्तात गुठळी होऊ नये म्हणून एक औषध, मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या आणि व्यायामाची यादी होती. साखर काबूत ठेवा, जखमेतून पाणी आले किंवा ताप आला तर स्वतः औषध न घेता तडक या, असे खाली अधोरेखित केले होते. वाटेत फोंड्याच्या बाजारात फार्मसीपाशी थांबलो. दुकानदाराने कागद एकदा वाचला, उलटून पाठीमागे पाहिले आणि मला विचारले, "सर, अँटिबायोटिक लिहायचे राहिले वाटते?"

मी म्हटले, "राहिले नाही."